तेराव्या वर्षीची श्रेणी

पुढील वर्षाचे विषय निवडण्याचे अर्ज हिवाळ्यात घरोघरी येऊ लागले की अमेरिकेतील मराठी पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. सहावी ते आठवीच्या ग्रेड पुढे कुठे दिसतात का? बहुतेक जण एकमेकांना ‘नाही’ असे सांगतात आणि ते बहुतांशी खरेही आहे. मिडल स्कूलमधील इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, चित्रकला किंवा व्यायाम यांच्या श्रेणी हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषयवार श्रेणींच्या अधिकृत नोंदीवर, येत नाहीत आणि जीपीएतही, म्हणजे श्रेणींच्या सरासरीतही, धरल्या जात नाहीत. मात्र आठवीत, आणि काही ठिकाणी सातवीतही, मुले जे एक-दोन विषय हायस्कूलच्या पातळीवर शिकतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, ज्याला सगळे ‘ॲल्जिब्रा वन’ म्हणतात, क्वचित भूमिती, आणि स्पॅनिश किंवा फ्रेंचचे पहिले वर्ष हे ते विषय. अनेक राज्यांत त्यांचे क्रेडिट हायस्कूलच्या खात्यावर जमा होते, क्रेडिटबरोबर श्रेणीही जाते, आणि नववीच्या पहिल्या दिवशी मूल नव्या शाळेत पाऊल ठेवते तेव्हा त्याची ट्रान्सक्रिप्ट कोरी नसते.

मी उत्तर व्हर्जिनियात मिडल स्कूलच्या मुलांना गणित शिकवते आणि रविवारी मराठी शाळेत मदतीला जाते. शाळेत मी श्रेणी देणाऱ्यांच्या बाजूला असते, मराठी शाळेच्या व्हरांड्यात त्या श्रेणींची धास्ती घेतलेल्या आईवडिलांच्या बाजूला. “ताई, आठवीतला सी बारावीपर्यंत राहतो का हो?” असे एका आईने मला तिथेच विचारले, तेव्हा तिच्या मुलीचे ॲल्जिब्राचे वर्ष निम्म्याहून अधिक संपले होते. राहतो, आणि तो काढता येतो, पण काढण्याची एक किंमत असते, हे तिला सांगायला मला अर्धा तास लागला. हा लेख त्या अर्ध्या तासाचा विस्तार आहे, आणि त्या अर्ध्या तासाची गरज मुळात का पडावी, याविषयी माझ्या मनात असलेल्या तक्रारीचाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या पालकाला ही व्यवस्था चटकन उमगत नाही, यात नवल नाही. आपल्याकडे नववीपर्यंतचे निकाल प्रगतिपुस्तकात राहतात, प्रगतिपुस्तक कपाटात राहते, आणि अकरावीच्या प्रवेशाला बोर्डाची गुणपत्रिका तेवढी लागते. शिष्यवृत्ती परीक्षा, कधी चौथी-सातवीला तर कधी पाचवी-आठवीला, गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचे कौतुक करते. न आलेल्या मुलाचे ती पुढे काही बिघडवत नाही. आजोबांच्या पिढीत सातवीच्या निकालाला मोठे वजन होते, कारण व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शकत असे. पुढच्या पिढ्यांनी ते सारे वजन दहावी-बारावीवर नेऊन ठेवले. त्यामुळे पुण्याहून किंवा नाशिकहून आलेले, स्वतः उत्तम शिकलेले आईवडील ‘आठवीचे मार्क कोण विचारतो’ या भरवशावर असतात, आणि अमेरिकेत मात्र बोर्डाच्या परीक्षेसारखा एकच एक दिवस नसून चार वर्षांची प्रत्येक श्रेणी त्या निकालाचा भाग असते, हे त्यांच्या उशिरा लक्षात येते. चार वर्षांचे हे खाते काही मुलांसाठी एक वर्ष आधी, म्हणजे आठवीपासूनच, उघडते, ही बाब तर आणखी उशिरा कळते.

मुळात हायस्कूलचा विषय मिडल स्कूलमध्ये आला कसा, हे समजून घेतले तर नियमांचा गुंता थोडा सुटतो. अमेरिकेतील हायस्कूलचे क्रेडिट हे वेळेच्या हिशेबाचे एकक आहे. १९०६ साली कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने रूढ झालेल्या या एककात एका विषयाचे सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक युनिट असे मानले गेले. व्हर्जिनियात हाच आकडा १४० तासांचा आहे. अभ्यासक्रम तोच आणि तास तितकेच असतील, तर तो विषय कुठल्या शाळेत शिकवला याने क्रेडिटला फरक पडू नये, असा त्यामागचा विचार. दुसरीकडे गणिताच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचे तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस, दहावीत ॲल्जिब्रा टू, नववीत भूमिती आणि आठवीत ॲल्जिब्रा वन हवे. अभियांत्रिकीकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत म्हणूनच सारी मांडणी बारावीपासून उलटी मोजत आठवीपर्यंत येऊन थांबते.

आठवीतील बीजगणिताची ही मागणी नुसत्या चुरशीतून आलेली नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. बॉब मोझेस हे मिसिसिपीत १९६०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन काम केलेले कार्यकर्ते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांची मुलगी आठवीत गेली तेव्हा तिच्या शाळेत बीजगणित शिकवले जात नव्हते. १९८२ साली त्यांनी वर्गात बसून तिला आणि तिच्याबरोबरच्या काही मुलांना ते स्वतः शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘ॲल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. बीजगणिताच्या दारातून आत न गेलेले मूल पुढच्या गणिताला, विज्ञानाला आणि चांगल्या मिळकतीच्या कामांना मुकते, म्हणून ते दार सर्वांना खुले असणे हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, अशी मोझेस यांची भूमिका होती, आणि २०२१ साली निधन होईपर्यंत ते तिच्याशी प्रामाणिक राहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ साली आठवीतून ॲल्जिब्रा काढून टाकले, त्यावर दहा वर्षे वाद झाला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी ते परत आणावे असा स्पष्ट कौल दिला. टेक्सासने तर २०२३ साली कायदा करून पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीत आपोआप प्रगत गणिताच्या वर्गात घालायचे ठरवले; नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. म्हणजे येत्या वर्षांत आठवीत बीजगणित शिकणारी मुले वाढणार आहेत, आणि ज्यांच्या घरी या व्यवस्थेची काहीच माहिती नाही अशी मुलेही त्यांत वाढणार आहेत. मला याचा आनंद होतो. चिंता आहे ती त्या वर्गाबरोबर येणाऱ्या श्रेणीची.

ही श्रेणी कशी बनते ते एका मुलाच्या वर्षावरून सांगते. वर्षाच्या सुरुवातीला त्याची गाडी एकाच ठिकाणी अडत होती. कंसाबाहेर उणे चिन्ह असले की तो ते पहिल्या पदाला लावायचा आणि दुसऱ्याला विसरायचा. उणे कंसात क्ष उणे तीन, याचे उत्तर तो उणे क्ष उणे तीन असे लिहायचा. ही चूक दिसायला लहान असली तरी समीकरण सोडवताना ती प्रत्येक ओळीत शिरते, म्हणून रीत पूर्ण कळूनही त्याची उत्तरे चुकत. पहिल्या तिमाहीत त्याला ६२ गुण पडले. डिसेंबरच्या सुमारास तो कंसाबाहेरचे उणे म्हणजे उणे एक असे लिहून, दोन्ही पदांकडे दोन बाण काढू लागला. दुसऱ्या तिमाहीत ७१, तिसरीत ८० आणि चौथीत ९१. जूनमध्ये तो वर्गसमीकरणे फळ्यावर येऊन इतरांना समजावून देत होता. चारही तिमाह्यांची सरासरी ७६ आली आणि आमच्याकडच्या मोजपट्टीत ७६ म्हणजे सी. बीजगणित त्याला जूनमध्ये किती येत होते, असे मला कुणी विचारले असते तर मी निःशंकपणे ‘उत्तम’ म्हटले असते. ट्रान्सक्रिप्टवर मात्र जूनचा मुलगा जात नाही, सरासरी जाते, आणि त्या सरासरीत बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा नव्या अमूर्त विचाराशी चाललेला पहिल्या तीन महिन्यांचा झगडा कायमचा मिसळलेला असतो.

सरासरीवर होणारा परिणाम नेमका केवढा, हेही पाहायला हवे, कारण व्हरांड्यातील बोलण्यात तो कधी नगण्य तर कधी प्रलयंकारी ठरतो. जीपीएचे गणित साधे आहे. ए ला चार, बी ला तीन, सी ला दोन, डी ला एक, एफ ला शून्य, आणि सगळ्यांची सरासरी. आठवीत एक सी मिळालेल्या मुलीने नववीत सात विषयांत सात ए मिळवले तर वर्षअखेरीस तिचा जीपीए ४ ऐवजी ३.७५ दिसतो. अकरावीच्या शेवटी, म्हणजे महाविद्यालयांचे अर्ज ज्या आकड्यावर जातात तेव्हा, २१ ए आणि १ सी मिळून तो ३.९१ होतो. सर्वसाधारण सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशाला या नऊ शतांशांनी काही होत नाही, आणि हे मी घाबरलेल्या पालकांना आधी सांगते. ज्या मुलाची गाडी पुढेही बी-सीच्या मधोमध चालणार आहे त्यालाही एक सी फारसा खाली ओढत नाही. पण जिथे प्रवेश क्रमांकावर ठरतो तिथे गोष्ट बदलते. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला २००९ पासून ही मर्यादा आणखी घट्ट करण्याची मुभा आहे, ती बरीच वर्षे ६ टक्क्यांवर होती आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आली. सहाशे मुलांच्या तुकडीत याचा अर्थ तीस मुले. तिसाव्या आणि एकतिसाव्या मुलामधील अंतर हजारांशांत मोजले जाते, आणि मिडल स्कूलमधील श्रेणी त्या क्रमांकात धरायच्या की नाहीत हे त्या राज्यात प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा स्थानिक विभाग, आपापल्या धोरणाने ठरवते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गावांतील दोन सारख्या मुलांपैकी एकाची आठवी मोजली जाते आणि दुसऱ्याची नाही.

भारित जीपीएत तर आणखी विचित्र प्रकार घडतो. तिथे एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच महाविद्यालयाच्या पातळीवर शिकवल्या जाणाऱ्या, विषयाला एक गुण जास्त मिळतो, म्हणून हुशार मुलांची सरासरी चारच्या वर जाते. समजा एखाद्या मुलीच्या वीस विषयांची सरासरी ४.५ आहे. आठवीतील साध्या ॲल्जिब्रा वनचा ए, म्हणजे चार, त्यात मिळवला की ती ४.४८ वर येते. आपल्या वयाच्या मानाने पुढे जाऊन, पूर्ण गुण मिळवून, तिची सरासरी उतरते. असा हिशेब मांडून ए मिळालेली श्रेणीही काढून टाकता येईल का, असे विचारणारे पालक मला भेटले आहेत. त्यांना दोष देण्याऐवजी, ज्या मोजपट्टीने त्यांना असे विचारायला लावले तिच्याकडे बोट दाखवावेसे मला वाटते.

आता नियमांकडे येऊ. व्हर्जिनियाचा नियम मला रोज लागतो, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिते. राज्य शिक्षण मंडळाच्या विनियमांत मिडल स्कूलसंबंधी जे कलम आहे ते सांगते की आठवीच्या सर्व मुलांना ॲल्जिब्रा वन आणि एका परकीय भाषेचे पहिले वर्ष उपलब्ध असले पाहिजे. त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की हायस्कूलचे क्रेडिट देणारा कुठलाही विषय मुलाने मिडल स्कूलमध्ये घेतला असेल, तर त्याची श्रेणी ट्रान्सक्रिप्टवरून वगळावी आणि त्याचे क्रेडिट देऊ नये अशी विनंती पालक करू शकतात. या तरतुदीची सूचना, मुदत आणि अर्जाच्या नमुन्यासह, पालकांना दिलीच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. आमच्याकडे याला सगळे ‘एक्सपंज करणे’ म्हणतात. व्हरांड्यातील त्या आईला मी किंमत म्हणाले ती हीच. श्रेणी गेली की क्रेडिटही जाते. व्हर्जिनियात साध्या डिप्लोमाला २२ आणि प्रगत डिप्लोमाला २६ क्रेडिट लागतात, म्हणजे एका विषयाची भर पुढे कुठेतरी घालावीच लागते, आणि बहुतेक वेळा मूल नववीत तोच विषय पुन्हा घेते. मग आठवीत पुढे टाकलेले पाऊल मागे येते आणि बारावीतील कॅल्क्युलसची पायरीही एका वर्षाने सरकते.

फ्लोरिडाने दुसरा मार्ग धरला आहे. तिथे हायस्कूलच्या मुलाला डी किंवा एफ आला तरच तोच विषय पुन्हा घेऊन, सी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळवून, जुनी श्रेणी बदलता येते. पण हायस्कूलचा विषय घेणाऱ्या मिडल स्कूलच्या मुलाला ही सवलत सी आला तरीही मिळते. लहान मुलाच्या वयाचा विचार कायद्याने केला आहे, हे त्या एका जास्तीच्या अक्षरात दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत मला याहूनही पटते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि इतर ठिकाणच्या त्यांच्या शाखांसाठी जीपीए काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्याच श्रेणी धरल्या जातात. सातवी-आठवीत सी किंवा त्याहून चांगल्या श्रेणीने पूर्ण केलेले गणित आणि भाषा हे विषय प्रवेशाच्या अटींसाठी पूर्ण झाले असे मानले जाते, मात्र त्यांची श्रेणी सरासरीत येत नाही. याच विद्यापीठाचा आणखी एक नियम आहे. गणित किंवा भाषेच्या वरच्या पायरीवर चांगली श्रेणी मिळाली, तर खालच्या पायरीची विषयाची अट त्यावरून पूर्ण झाली असे समजतात. ज्याला ॲल्जिब्रा टू येते त्याला ॲल्जिब्रा वन येतेच, ही शिक्षकाला दररोज दिसणारी गोष्ट त्यांनी नियमात आणली आहे. माझा तो ७६ गुणांचा मुलगा नववीत भूमितीत आणि दहावीत ॲल्जिब्रा टूमध्ये उत्तम चालला, तर त्याचे बीजगणित किती पक्के आहे याचा त्याहून मोठा पुरावा कुठला?

व्हर्जिनियाच्या तरतुदीबद्दल माझी खरी तक्रार मात्र तिच्या शब्दांपेक्षा ती लोकांपर्यंत कशी पोचते याबद्दल आहे. सूचना द्यायची म्हणून दिली जाते. विषयांच्या लांबलचक यादीच्या पुस्तिकेत एक परिच्छेद असतो, वर्षअखेरीच्या पत्रव्यवहारात एखादी ओळ असते, मुदत बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत संपते. आमच्या मराठी मंडळींपैकी एकाला ती ओळ दिसली की संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सॲपच्या चार गटांत गेलेली असते, त्यावर चर्चा होते, कुणीतरी काउन्सेलरला ईमेल करते, कुणी आधीच्या वर्षी भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवते. आमच्या समाजात या माहितीची कमतरता नाही, आणि मला त्याचा अभिमानही वाटतो. पण माझ्या वर्गात ज्या मुलांना डी आणि एफ मिळतात, ज्यांना या तरतुदीची गरज सर्वांत जास्त आहे, त्यांतील अनेकांच्या आया दोन पाळ्यांत काम करतात, घरी स्पॅनिश किंवा अम्हारिक बोलतात, आणि शाळेचा फोन आला की काहीतरी वाईट घडले असे समजून घाबरतात. एका मुलीचे आईवडील तिच्या नववीच्या मध्यावर मला भेटले. ट्रान्सक्रिप्टच्या सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवून वडिलांनी दुभाष्यामार्फत विचारले की ही एफ इथे कशी आली, आमची मुलगी तर या शाळेत तेव्हा नव्हतीच. मुदत उलटून गेली होती. त्या घरात कुणीही बेफिकीर नव्हते. त्यांना समजेल अशा भाषेत, वेळेवर, कुणी काही सांगितलेच नव्हते.

१९७४ च्या संघराज्याच्या कायद्याने पालकांना मुलाची शैक्षणिक नोंद पाहण्याचा आणि तिच्यातील चुकीची माहिती दुरुस्त करायला सांगण्याचा हक्क दिला आहे. ही एफ काही चुकीची माहिती नव्हती, म्हणून तो हक्क इथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती राज्याची तरतूद, आणि ती मागणाऱ्यालाच मिळते. जी सवलत फक्त मागणाऱ्यालाच मिळते ती आपोआप माहितगारांची होते. बी-प्लसचा ए करून घेण्यासाठी ती वापरली जाते, आणि जिच्यासाठी ती लिहिली गेली असावी ती मुलगी एफ घेऊन नववीत बसते. मला हे सहन होत नाही, आणि गणित शिकवणाऱ्या माणसाने याविषयी गप्प राहावे असेही वाटत नाही.

आपल्या मंडळींनाही या संदर्भात काही सांगावेसे वाटते. बी किंवा बी-प्लस काढून टाकून मुलाला नववीत तोच विषय पुन्हा घ्यायला लावणे हा सौदा मला फार महाग वाटतो. जे बीजगणित मुलाला आले आहे ते दुसऱ्यांदा वर्षभर ऐकायला लावले की त्याचे मन विषयावरून उडते, आणि असे उडालेले मन भूमितीच्या सिद्धतांपाशी परत आणणे किती अवघड असते हे नववीचे शिक्षक सांगतील. याउलट, सरासरी खराब होईल या भीतीने तयारी असलेल्या मुलीला आठवीत ॲल्जिब्राला घालायचेच नाही, हाही विचार काही घरांत होतो आणि तो मुलींच्या बाबतीत अधिक होतो, असे माझे निरीक्षण आहे. निर्णय घेताना तीनच गोष्टी पाहाव्यात असे मी सांगते. अपूर्णांक आणि ऋण संख्या मुलाच्या हाताला बसल्या आहेत का, मुलाला स्वतःला तो वर्ग हवा आहे का, आणि आपल्या काउंटीत ती श्रेणी ट्रान्सक्रिप्टवर जाते का, जात असेल तर काढण्याची मुदत कधी संपते. तिसरी गोष्ट ऑगस्टमध्ये विचारावी, मे महिन्यात विचारून चालत नाही. आणि डी किंवा एफ आला असेल, किंवा सी आला असूनही बीजगणित खरोखरच कच्चे राहिले असेल, तर श्रेणी काढून नववीत विषय पुन्हा घेण्यात काहीही कमीपणा नाही. पाया नीट न घालता ॲल्जिब्रा टूपर्यंत ओढत नेलेली मुले मी पाहिली आहेत, आणि तिथे कोसळणे आठवीतील कोसळण्यापेक्षा फार जास्त दुखते. व्हरांड्यातील त्या आईच्या मुलीने जूनमध्ये स्वतःच ठरवले की तिचा सी ठेवायचा आणि नववीत भूमितीला जायचे. तिला बीजगणित येत होते, आणि तिला ते माहीत होते.

पण सारा भार पालकांच्या शहाणपणावर ठेवून चालणार नाही. व्हर्जिनियाच्या कलमात श्रेणी आणि क्रेडिट यांची गाठ एकत्र बांधलेली आहे. एक सोडायची तर दुसरीही सुटते. ती गाठ सोडवता येण्याजोगी आहे. मिडल स्कूलमध्ये पूर्ण केलेल्या विषयाचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर ‘उत्तीर्ण’ म्हणून जावे, श्रेणी सरासरीत धरली जाऊ नये, आणि ज्या कुटुंबाला ती धरलेली हवी असेल त्याने तसा अर्ज करावा. म्हणजे अर्ज करण्याचा भार माहितगारांवर जाईल आणि ज्यांना माहिती नाही त्यांचे मूल आपोआप सुरक्षित राहील. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची नोंद नववीच्या आधी मिटवून त्याला विषय पुन्हा घेऊ द्यावा, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहू नये. विद्यापीठांचे याने काही अडणार नाही, कारण भूमिती, ॲल्जिब्रा टू आणि त्यापुढचे सारे गणित त्यांच्यासमोर श्रेणीसह असणारच आहे. विनियमांत बदल करताना राज्य शिक्षण मंडळाला लोकांचे म्हणणे मागवावे लागते, आणि काउंटीच्या शिक्षण मंडळाच्या सभांत नाव नोंदवून कुणालाही दोन-तीन मिनिटे बोलता येते. आमच्या मराठी शाळेतील काही पालकांनी आणि मी या वसंतात तसे नाव नोंदवायचे ठरवले आहे. त्या सभेला स्पॅनिश आणि अम्हारिक बोलणाऱ्या पालकांनीही यावे, आणि त्यांच्यासाठी दुभाषे असावेत, ही आमची पहिली मागणी असेल.